आकडी

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर
'आजाराचे नाव' लिहायला दीड इंच जागा आहे.
अपस्मार लिहिलं. फारच पुस्तकी वाटलं.
आई फिट म्हणते, मालवणची आत्या फेफरं,
दळवीकाकू काहीच म्हणत नाहीत,
थेट चप्पल आणतात हुंगवायला.
पप्पा म्हणतात आकडी.
मला तोच शब्द बरा वाटतो, आकड्यांच्या घरातला.
मला संख्याशास्त्र शिकायचंय.

पुढचे रकाने आकड्यांचेच.
वार्षिक उत्पन्न. बारावीचे गुण. घरात माणसं किती.
गेल्या वर्षात झटके किती, शेवटचा कधी.
ते सगळं आमच्या कॅलेंडरवर आहे,
दुधाच्या खाड्यांशेजारी पप्पांची लाल पेन्सिल:
११ ऑगस्ट, सव्वादोन मिनिटं.
२ सप्टेंबर, दूध नाही, साडेतीन.
झेरॉक्सवाल्याने पानं उलटीसुलटी करून विचारलं,
हीपण जोडायची?

हजेरी एकसष्ट टक्के,
कारण वेगळ्या कागदावर लिहा.
काय लिहू?
की कधीकधी मी बाकावरच होते,
मॅडमनी शलाका साळसकर अशी हाक मारली
आणि मी उघड्या डोळ्यांनी
वीस सेकंद कुठेच नव्हते.
ती हजेरी लागली की खाडा, कुणाला विचारायचं?

एका खिडकीवर म्हणाले, हातपाय तर धड आहेत तुमचे.
ट्रस्टच्या बाई फोनवर म्हणाल्या, दोन दाखले आणा.
एक आजारी असल्याचा,
एक शिकायला समर्थ असल्याचा.
परळच्या ओपीडीत डॉक्टरांनी दोन्हींवर सही केली,
मदतीपुरती आजारी, शिकण्यापुरती बरी,
एकाच पेनाने.

ट्रस्टचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, चौथ्या मजल्यावर.
त्याच इमारतीत पप्पा लिफ्टमन.
एकोणीस वर्षं त्यांनी
फाइल छातीशी धरलेली पोरं वर नेली,
खाली आणताना चेहऱ्यावरून ओळखलं,
विचारलं नाही कधी.
मलाही तसंच नेलं. जाळी ओढली,
'चौथा' म्हणाले, सगळ्यांना म्हणतात तसं.
फक्त स्टुलावर बसले नाहीत.

आत तिघं. टेबलावर काच,
काचेखाली कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो.
एक गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले,
बाळ, पैसे तीन वर्षांचे असतात.
मध्येच हे वाढलं तर? खात्री देशील?
म्हटलं, खात्री नाही देत, शक्यता सांगते.
कॅलेंडर उलगडलं.
गेल्या साली अकरा.
या साली दोन, आणि दोन्ही वेळा
गोळ्यांची स्ट्रिप संपलेली, पगार व्हायचा होता.
म्हणजे फी देणार असाल तर
गोळ्याही हिशेबात धरा,
नाहीतर फी बुडण्याची शक्यता वाढते.
माझाच आवाज मला जरा मोठा वाटला.
बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.
उलटं वाचता आलं नाही मला.

'कळवू.'

उतरताना तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये
लिफ्टने आचका दिला, थरथरली, थांबली.
दिवा गेला.
काळोखात पप्पांचं घड्याळ हिरवं उजळलं.
पाच मिनिटांच्या वर गेलं तर हॉस्पिटल,
असं डॉक्टर बोलल्यापासून
त्यांचं एक मनगट आपोआप वर येतं
आणि दुसरा हात माझ्या डोक्यामागे.
आलाच होता.

'पप्पा, मी नाही,' म्हटलं,
'आज लिफ्टला आलीय.'

लगेच नाही हसले ते.
जाळीपलीकडे भिंत होती, नुसती भिंत,
तिच्यावर कुणीतरी कधीकाळी खडूने लिहिलेला
एक नंबर, अर्धा पुसलेला.
आम्ही दोघं मोजत राहिलो, मनातल्या मनात,
माझं बहुतेक थोडं पुढे गेलं.

दिवा आला.
'दोन चाळीस,' पप्पा म्हणाले.
'पाणी देऊ?'